आडव्या वाऱ्यातले चाक

आर्वीकडून पुलगावकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचे सोयाबीन निघाले, की दोन्ही बाजूंची शिवारे उघडी पडतात आणि आडव्या वाऱ्याला कसलाच अडसर राहत नाही. या रस्त्यावर सराव करणाऱ्या सायकलपटूंसाठी यंत्र अभियांत्रिकी शिकणारा गावातला एक तरुण शर्यतीच्या चाकाभोवतीचा हवेचा प्रवाह संगणकावर तपासतो आहे. पवनबोगद्यातली, म्हणजे पंख्यांनी वारा सोडणाऱ्या बंद दालनातली चाचणी त्याला परवडणारी नाही. ओपनफोम ही हवेचा प्रवाह गणिताने काढणारी संगणकप्रणाली मात्र मोफत मिळते.

सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सायकलपटूची बहुतेक शक्ती हवेशी झुंजण्यातच खर्च होते. त्या विरोधात चाकांचा वाटा शरीराच्या मानाने लहान असला, तरी चाकाची गोष्ट निराळी आहे, कारण जमिनीला टेकलेला त्याचा बिंदू त्या क्षणी स्थिर असतो, तर माथा सायकलच्या दुप्पट, म्हणजे ताशी ८० किलोमीटर वेगाने पुढे झेपावत असतो. म्हणूनच चाक न फिरवता केलेली गणना दिशाभूल करू शकते.

हे फिरणे गणितात कसे आणायचे, हाच या कामाचा गाभा आहे. रिम आणि टायर आसाभोवती सर्वत्र सारखेच असल्याने त्यांच्या पृष्ठभागाला फिरण्याचा वेग नेमून दिला, तरी काम भागते. स्पोकच्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही; ते जागा बदलत हवा ढकलत जातात, त्यामुळे त्यांच्याभोवतीचा भाग वेगळा काढून त्याची समीकरणे चाकाबरोबर फिरणाऱ्या चौकटीत सोडवावी लागतात, किंवा त्या भागाची जाळी, म्हणजे गणनेसाठी हवेचे पाडलेले छोटे कप्पे, क्षणाक्षणाला खरोखरच फिरवावी लागते. दुसरी पद्धत अधिक वास्तवाला धरून आहे, पण ती संगणकाला फार काळ गुंतवून ठेवते. रात्री वीज गेली, तरी सगळे वाया जाऊ नये म्हणून गणनेची स्थिती ठरावीक टप्प्यांवर साठवली जाते. टायर रस्त्याला टेकतो तिथली निमुळती फटही त्रासदायक असते, कारण तिथे जाळीचे कप्पे इतके चपटे होतात की उत्तरच बिघडते. तिथे छोटासा ओटा कल्पून ती बुजवतात.

आता वारा. सायकल ताशी ४० किलोमीटरने धावत असताना काटकोनात ताशी १० किलोमीटरचा वारा आला, तर हवा सुमारे १४ अंशांच्या कोनातून चाकावर येते. अशा तिरक्या प्रवाहात चांगल्या आकाराची खोल, म्हणजे टायरकडून आसाकडे जास्त रुंद असलेली रिम विमानाच्या पंखासारखी वागते आणि मागे खेचणारे बल घटते. कोन फार वाढला, की प्रवाह रिमपासून सुटतो आणि हा लाभ ओसरतो. इटलीचे सायकलपटू फ्रान्चेस्को मोझर यांनी १९८४ मध्ये मेक्सिको सिटीत तासाभरात ५१.१५१ किलोमीटरचा विक्रम केला, तेव्हा त्यांची चाके भरीव चकतीची होती. मात्र तो विक्रम सायकल शर्यतींसाठी बांधलेल्या गोलाकार धावमार्गावरचा होता. उघड्या रस्त्यावर पुढची चकती झोताबरोबर हँडल वळवू पाहते, म्हणून या तरुणाच्या तक्त्यात मागे खेचणाऱ्या बलाशेजारी पुढच्या चाकाला वळवणाऱ्या बलाचाही रकाना आहे, आणि पुढची रिम किती खोल घ्यायची हे तो दोन्ही रकाने पाहूनच ठरवणार आहे.