आजारी झडप आणि बिघडलेली लय
पडद्यावर दिसते आहे ती हृदयाची डावी कर्णिका, म्हणजे डावीकडचा वरचा कप्पा. लहानपणी घशाच्या संसर्गामागून आलेल्या रूमॅटिक तापाने मायट्रल झडपेची (या कप्प्यातून खालच्या कप्प्यात रक्त सोडणाऱ्या झडपेची) पाती जाड होऊन एकमेकींना चिकटली, की रक्ताची वाट अरुंद होते. निरोगी माणसात ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असलेले झडपेचे तोंड १.५ पर्यंत आक्रसले म्हणजे मागे रक्त तुंबते, कर्णिका वर्षानुवर्षे ताणली जाते आणि तिच्या भिंतीत व्रणासारखी तंतुमय ऊती वाढते. अशा भिंतीत विजेचे संदेश भरकटतात, कर्णिका आकुंचन न पावता नुसती थरथरते. हेच एट्रियल फिब्रिलेशन.

ही थरथर सुरू करणारे जादा ठोके बहुतांशी फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी उगम पावतात, हे फ्रान्समधील बोर्दो येथील हृदयरोगतज्ज्ञ मिशेल आयसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवले. तेव्हापासून जांघेतील शिरेतून कॅथेटर, म्हणजे बारीक लवचिक नळी, वर नेऊन, दोन कर्णिकांमधला पडदा सुईने भेदून, त्या तोंडांभोवतीची ऊती उष्णतेने किंवा गोठवून निकामी करतात. यालाच ॲब्लेशन म्हणतात. झडपेच्या रुग्णात मात्र दोष शिरांपुरता नसतो, सारी भिंतच आजारी असते. म्हणून झडप तशीच ठेवून केवळ ॲब्लेशन केले, तर फिब्रिलेशन परतण्याची धास्ती मोठी. शिवाय कृत्रिम धातूची झडप बसवलेली असल्यास कॅथेटरचे वेटोळे तिच्यात अडकू शकते, ही भीती निव्वळ पुस्तकी नाही.

झडपेसाठी छाती उघडायचीच असेल, तर ॲब्लेशन त्याच वेळी उरकणे शहाणपणाचे. अमेरिकी शल्यविशारद जेम्स कॉक्स यांनी १९८७ मध्ये कर्णिकेत चक्रव्यूहासारखे छेद घेण्याची शस्त्रक्रिया प्रथम केली. आज बहुतेक छेदांची जागा उष्णतेच्या किंवा गोठवणाऱ्या उपकरणांनी घेतली आहे. मायट्रल शस्त्रक्रियेच्या २६० रुग्णांवरील २०१५ च्या चाचणीत, जोडीला ॲब्लेशन झालेल्यांपैकी सुमारे ६३ टक्के रुग्ण सहा आणि बारा महिन्यांच्या तपासणीत फिब्रिलेशनमुक्त आढळले, तर इतरांत हे प्रमाण २९ टक्के होते. पेसमेकर बसवण्याची वेळ मात्र पहिल्या गटावर अधिक आली, आणि ही किंमत रुग्णाला आधीच सांगायला हवी.

लय सुधारली म्हणून रक्ताच्या गुठळ्या रोखणाऱ्या गोळ्या सुटत नाहीत. झडप अजून बरीच अरुंद असेल किंवा धातूची असेल, तर वॉरफरिनसारखे औषध आणि त्यासाठीची आयएनआर तपासणी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहणारी) चालूच राहते.