चांगदेवाचा कोरा कागद

भुसावळहून हायवेने मुक्ताईनगरकडे निघालं की केळीच्या बागा लागतात, आणि मग पुढे नुसतं पाणीच पाणी दिसायला लागतं. ही तापी आणि पूर्णा, दोघी इथे भेटतात, आणि खाली हतनूरचं धरण झाल्यापासून पाणी पार लांबवर पसरलंय. काठावर गाव आहे चांगदेव. काळ्या दगडाचं जुनं मंदिर आहे, आणि ज्याच्या नावाचं गाव तो योगी म्हणे चौदाशे वर्षं जगला.

गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकलीच असेल. चांगदेव वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन निघाला आणि समोरून निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई ही चार भावंडं चक्क भिंत चालवत आली. सगळ्यांना ती भिंतच आठवते, कॅलेंडरवर पण तीच. मला विचाराल तर खरी गंमत त्याच्या आधीची आहे. चांगदेवाला ज्ञानदेवांना पत्र लिहायचं होतं आणि गाडी मायन्यावरच अडली. चिरंजीव लिहावं तर पोरगं ज्ञानाने मोठं, तीर्थरूप लिहावं तर मग आपल्या चौदाशे वर्षांचं काय? शेवटी कागद कोराच पाठवला.

चौदाशे खरे की खोटे यात पडू नका. श्वास ताब्यात आला, सिद्धी आल्या, मरण परतवून लावलं, आणि तरी आपण मोठे की समोरचा मोठा हे काही सुटेना. पैशाचा माज निदान दिसतो तरी, लोक तोंडावर बोलतात. पण मी रोज पहाटे चारला उठतो, मी शिबिर करून आलो, मला आता राग येतच नाही, हे सांगताना जी मान ताठ होते ना ती कोण पकडणार? आता तर ध्यानाच्या अ‍ॅपवर सलग किती दिवस झाले त्याचा आकडा येतो आणि आपण तो स्क्रीनशॉट काढून स्टेटसला टाकतो.

कोरा कागद बघून मुक्ताबाई म्हणाली म्हणतात, एवढी वर्षं जगून हा कोराच राहिला. विशी पण न गाठलेली पोर! निवृत्तिनाथांनी मात्र ज्ञानदेवांना उत्तर लिहायला सांगितलं, त्या 65 ओव्या म्हणजे चांगदेव पासष्टी. त्यात आणखी एखादी सिद्धी कशी मिळवायची असलं काही नाहीये, सांगणं एवढंच की बघणारा आणि ज्याला बघायचं तो, हे दोन नाहीतच. मग मायना कोणी कोणाला लिहायचा? पुढे चांगदेवाने गुरू केलं ते या मुक्ताबाईलाच.

तिने सख्ख्या भावालाही सोडलं नाही बरं का. लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले, तर ही बाहेरून सुनावते, जग रागाने पेटलं तर संताने पाणी व्हायचं असतं. माजलेला अहंकार एक वेळ ओळखू येतो हो, रुसलेला अहंकार आपल्याला आपला चांगुलपणाच वाटतो.

1297 साली इथेच तापीकाठी, मेहूणला, वीज कडाडली आणि मुक्ताबाई दिसेनाशी झाली अशी श्रद्धा आहे. जुन्या एदलाबादचं मुक्ताईनगर झालं ते तिच्याच नावावरून.

महाशिवरात्रीला या. खान्देशातून, विदर्भातून, मध्य प्रदेशातून दिंड्या येतात, आणि सत्तरीतले आजोबा दहावीतल्या पोराच्या पाया पडताना दिसतात, पोरगंही तेवढंच खाली वाकतं, दोघंही माउली म्हणतात आणि पुढे जातात. चांगदेव जिथे अडला होता ते इथे असं चालता चालता होऊन जातं. आता याने सगळ्यांचा अहंकार जातो असं नाही, वीणा कोणाच्या गळ्यात आणि दिंडीत पुढे कोण यावरून रुसवेफुगवे होतातच, आणि मग रुसलेल्या बुवांना जेवायला बोलवायला बहुतेक वेळा घरातल्या एखाद्या लहान पोरीलाच पाठवतात.