गोचीड गोळा करणाऱ्या बाई

मंडळी, नमस्कार.

आपल्या नैरोबीतल्या करुराच्या जंगलात रविवारी सकाळी आपल्यातले निम्मे लोक भेटतात. चालायला कमी, नंतरच्या कॉफीला जास्त! ते जंगल ज्यांच्यामुळे शिल्लक राहिलं, त्या वांगारी मथाईंबद्दल आज बोलते.

शांततेच्या नोबेलमुळे नाव सगळ्यांना ठाऊक असतं. पण बाई मूळच्या शास्त्रज्ञ. जन्म १९४० चा, न्येरीजवळच्या इहिथे गावातला. अमेरिकेत शिकल्या आणि १९७१ मध्ये इथे नैरोबीत पीएच.डी. झाल्या. पूर्व आणि मध्य आफ्रिकेत डॉक्टरेट मिळवणारी ती पहिली स्त्री. विषय होता जनावरांची शरीररचना.

मला त्यांच्या आयुष्यातला गोचिडांचा प्रसंग फार आवडतो. गुरांना गोचिडांमुळे होणाऱ्या ‘ईस्ट कोस्ट फीव्हर’ या रोगाचा अभ्यास चालू होता. त्यासाठी त्या गावोगाव हिंडून गाईंच्या अंगावरचे गोचीड गोळा करायच्या. तेव्हा लक्षात आलं, गाईंच्या बरगड्या दिसताहेत, चारा नाही, आणि पावसाचं पाणी माती घेऊन तांबडंलाल वाहतंय. गोचिडापेक्षा मोठं दुखणं उघड्या पडलेल्या रानाचं होतं.

लहानपणी आईनं सांगितलं होतं, मुगुमोच्या झाडाची काटकी आणायची नाही, ते देवाचं झाड. मुगुमो म्हणजे आपल्या उंबराचाच भाऊबंद. शेजारी झरा होता. त्यातली बेडकाची अंडी मणी समजून ही पोर उचलायला जायची. मोठेपणी परत गेल्या तेव्हा चहाच्या लागवडीसाठी झाड तोडलेलं आणि झरा आटलेला. उंबराखाली पाणी असतं, हे आपल्या आजीलाही माहीत होतं की!

१९७७ मध्ये त्यांनी ‘ग्रीन बेल्ट’ चळवळ सुरू केली. खेड्यातल्या बायका रोपं वाढवायच्या आणि मोबदला मिळायचा तो जगलेल्या रोपामागे, नुसत्या लावलेल्या नाही. दरवर्षी त्याच खड्ड्यात वृक्षारोपण बघितलेल्या आपल्याला यातली मेख लगेच कळेल.

घटस्फोटानंतर नवऱ्यानं आडनाव सोडायला सांगितलं. बाईंनी त्यात एक ‘ए’ जास्तीचा घातला आणि तेच वापरत राहिल्या. १९८९ मध्ये नैरोबीतल्या उहुरू पार्कात ६० मजली टॉवर उभा राहणार होता, तो त्यांनी थांबवला. पुढे करुराची जमीन वाटली जाऊ लागली, तेव्हा जानेवारी १९९९ मध्ये त्या रोप लावायला तिथे गेल्या. भाडोत्री गुंडांनी डोकं फोडलं. पोलीस ठाण्यातल्या तक्रारीवर बाईंनी स्वतःच्या रक्तानं सही केली.

२००२ मध्ये तेतू मतदारसंघातून तब्बल ९८ टक्के मतं मिळवून संसदेवर निवडून आल्या आणि २००३ मध्ये पर्यावरण खात्याच्या सहायक मंत्री झाल्या. आपल्याकडे राज्यमंत्री म्हणतात तसं. ज्यांना सरकारनं तुरुंगात टाकलं होतं, त्याच आता सरकारात. खरं सांगायचं तर त्या खुर्चीपेक्षा बाई मोठ्या होत्या, आणि खुर्ची फार टिकलीही नाही. २००७ मध्ये तर त्या निवडणूकच हरल्या. नोबेलची बातमी मात्र मंत्री असतानाच आली, ८ ऑक्टोबर २००४ ला. त्या न्येरीत होत्या. माउंट केनियाकडे तोंड करून त्यांनी तिथल्या तिथे नांदी फ्लेमचं एक झाड लावलं.

सप्टेंबर २०११ मध्ये त्या गेल्या. माझ्यासाठी लाकडाची शवपेटी नको, असं सांगून ठेवलं होतं. मग बांबू, पपायरस आणि जलपर्णीची पेटी विणली. उहुरू पार्कातून ती निघाली आणि ८ ऑक्टोबरलाच दहन झालं. कुठे, तर करिओकोरच्या स्मशानात, जिथे आपणही आपल्या माणसांना नेतो.