मानेतली गाठ परत येते तेव्हा

मंडळी, आज एकाच गाठीबद्दल बोलू: मानेच्या मणक्यातला कॉर्डोमा. गर्भात कणा घडण्याआधी नोटोकॉर्ड नावाचा दोरीसारखा आधार असतो. त्याचे मागे राहिलेले कण पुढे कधीतरी वाढू लागतात, त्याची ही गाठ. वाढते सावकाश, पण परत येण्याची खोड मोठी. काढताना आवरण फाटलं आणि आतला बुळबुळीत भाग जखमेत सांडला, की तिथे नव्या गाठी उगवू शकतात. म्हणून ती भोवतालच्या निरोगी थरासकट अख्खी काढायची, आणि त्याची खरी संधी पहिल्याच वेळी असते. तुकड्यातुकड्यांनी काढलेली गाठ दुसऱ्या सर्जनला फार महागात पडते.

दुसऱ्या वेळी थरच उरलेले नसतात. पहिल्यांदा बोटानं सहज बाजूला होणारी अन्ननलिका आता व्रणानं मणक्याला चिकटलेली असते. नाकातून नळी घालून ठेवली तर तिची जागा हाताला कळते. आवाजाची नस आधीच दुखावलेली असूनही रुग्णाचा आवाज चांगला असू शकतो, म्हणून दुर्बिणीनं दोन्ही स्वरतंतू पाहिल्याशिवाय मानेत कुठल्या बाजूनं शिरायचं ते ठरवू नये. एक लुळा असेल तर त्याच बाजूनं शिरायचं. दुसरी नसही गेली तर श्वासच अडेल.

सगळ्यात अवघड प्रकरण मेंदूकडे रक्त नेणाऱ्या व्हर्टिब्रल धमनीचं. मानेचे मणके 7. ही धमनी बहुधा सहाव्याच्या बाजूच्या छिद्रात शिरते आणि पहिल्यापर्यंत चढते. गाठीनं तिला वेढलं असेल तर आधी फुग्याची चाचणी: रुग्ण जागा ठेवून साधारण 30 मिनिटं धमनी अडवायची, बोलणं, नजर, हातपाय तपासत राहायचं. निभावलं तरच ती कायमची बंद करता येते. राखायची असेल तर छिद्राचं हाड डायमंड बरनं (हिऱ्याची पूड लावलेल्या फिरत्या टोकानं), पाण्याच्या धारेखाली, अंड्याच्या टरफलाइतकं पातळ करायचं आणि मग बारीक पंचनं (हाड कुरतडणाऱ्या चिमट्यानं) उचलायचं. भोवतीच्या शिरांचं जाळं भळभळतं. तिथे घाईनं बायपोलर (विजेनं रक्तवाहिनी जाळून बंद करणारा चिमटा) लावला तर धमनीच भाजते. रक्त थांबवणारं जेल, वर कापसाची पट्टी, आणि दम धरायचा.

कधी मानेच्या कण्यातून निघणारी नसही गाठीबरोबर द्यावी लागते. मणके सात असले तरी या नसांच्या जोड्या आठ. दुसरी गेली तर डोक्याची मागची बाजू बधिर होते, एवढंच. पाचवी गेली तर खांदा उचलत नाही, आठवी गेली तर मुठीतला जोर जातो. हे घरच्यांना आधी सांगायलाच हवं.

स्क्रू-सळ्या कार्बन फायबरच्या मिळाल्या तर उत्तम. टायटॅनियमची सावली एमआरआयवर पडते आणि नेमकी परतणारी गाठ झाकते. आधी रेडिएशन झालं असेल तर जखम भरायला स्नायूचा फ्लॅप (रक्तपुरवठ्यासकट वळवून आणलेला स्नायूचा तुकडा) लागू शकतो.

इंदूरहून पुष्कळ जण अवंतिका एक्स्प्रेसनं मुंबई गाठतात. खारघरला टाटा मेमोरियलचं प्रोटॉन केंद्र, म्हणजे प्रोटॉन किरणांनी रेडिएशन देणारं केंद्र, आहे. जाताना फक्त रिपोर्टची पिशवी नेऊ नका. पहिल्या ऑपरेशनची सविस्तर नोंद, स्कॅनची सीडी आणि पॅथॉलॉजीतून स्लाइड व ब्लॉक मागून घ्या. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेले गाठीचे तुकडे. मे महिन्यात उन्हातल्या गाडीत ठेवू नका.