‘डॉग’चं कूळ

[पडद्यावर: पहिलीचा वर्ग. फळ्यावर खडूने काढलेलं कुत्र्याचं चित्र. मुलं एका सुरात म्हणताहेत.]

डी-ओ-जी, डॉग. डॉग म्हणजे कुत्रा.

आपल्यापैकी बहुतेकांची इंग्रजी इथूनच सुरू झाली. तीन अक्षरं पाठ झाली की पुढचं पान. या शब्दाकडे पुन्हा वळून बघायचं कारण सहसा पडत नाही. पण शब्दांची कुळं शोधण्यात ज्यांनी हयात घालवली, ती माणसं याच तीन अक्षरांपाशी अडली.

[ऑक्सफर्ड, बॅनबरी रोड. एका घरासमोरची लाल टपालपेटी.]

या घराच्या बागेत कोशकार जेम्स मरे यांनी पत्र्याची एक खोली उभारली होती. आत भिंतीभर लाकडी खण आणि खणांत कागदाच्या चिठ्ठ्या. कोणता शब्द कोणत्या जुन्या पुस्तकात सापडला, ते ठिकठिकाणचे वाचक टपालाने कळवत. त्यासाठी ही पेटी घरासमोर बसवली गेली, आणि ती आजही तिथे आहे. या चिठ्ठ्यांतून ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी उभी राहिली. पहिला भाग 1884 साली निघाला, संपूर्ण कोश 1928 साली, चार लाखांहून अधिक शब्दांचा. शेवटचं पान बघायला मरे नव्हते. ते 1915 सालीच गेले.

‘डी’ हे अक्षर त्यांनी स्वतः हाताळलं. ते ज्या खंडात आहे तो 1897 सालचा. लॅटिन-ग्रीकमधून आलेल्या बोजड शब्दांची वंशावळ त्यात पिढ्यान्‌पिढ्या मागे नेलेली दिसते. ‘डॉग’पाशी मात्र लिहिलंय: मूळ अज्ञात.

[पडद्यावर: चर्मपत्रावरची जुनी अक्षरं.]

हजार वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये कुत्र्याला ‘हुंड’ म्हणत. आजचा ‘हाउंड’ तो हाच. या शब्दाचं घराणं मोठं आहे. जर्मनमध्ये तो ‘हुंड’च आहे, लॅटिनमध्ये ‘कानिस’, ग्रीकमध्ये ‘क्यूओन’ आणि संस्कृतात ‘श्वन्’.

श्वान आणि हाउंड एका कुळातले, हे कानाला पटत नाही. पण 1822 साली याकोब ग्रिम यांनी, म्हणजे परीकथा गोळा करणाऱ्या दोन भावांपैकी थोरल्याने, ध्वनिबदलाचा एक नियम नीट मांडून दाखवला. लॅटिनमध्ये जिथे ‘क’ आहे, तिथे इंग्रजी-जर्मनच्या शाखेत ‘ह’ येतो. संस्कृतात त्याच जागी पुष्कळदा ‘श’ असतो. शत, केंटुम, हंड्रेड. शृंग, कॉर्नू, हॉर्न. श्वन्, कानिस, हाउंड. आवाज बदलले, पण सगळे एका शिस्तीत बदलले. व्युत्पत्तीचं शास्त्र उभं आहे ते या शिस्तीवर; दोन शब्द कानाला सारखे वाटले म्हणून तिथे कुणी नातं जोडत नाही.

या कुळाची एक शाखा आपल्या अगदी जवळ आहे. संतांच्या जुन्या मराठीत कुत्र्यासाठी ‘सुणें’ हा शब्द भेटतो. गोव्यात कोंकणी बोलणाऱ्या घरात तो आजही रोजच्या तोंडचा आहे. अंगणातलं सुणें आणि इंग्लंडमधल्या शिकाऱ्याचा हाउंड हे खरोखरचे भाऊबंद. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी बराच वेळ तोच शब्द मनात घोळवत बसलो होतो.

मग ‘डॉग’ आला कुठून?

[जुन्या हस्तलिखितातली एक ओळ. ओळीच्या वर बारीक अक्षरांत टिपण.]

11व्या शतकातली एक नोंद आहे. प्रुडेंटियस नावाच्या जुन्या ख्रिस्ती कवीचं लॅटिन काव्य इंग्लंडमध्ये अभ्यासलं जाई. पोथी वाचताना आपल्याकडे अवघड शब्दाचा अर्थ लिहून ठेवत, तसंच तिथेही चाले. त्या काव्यातल्या ‘कानुम’, म्हणजे ‘कुत्र्यांचा’, या शब्दावर कुणीतरी आपल्या बोलीतला अर्थ लिहिला: ‘डॉकगेना’. मूळ शब्द ‘डॉकगा’. जुन्या इंग्रजीच्या साऱ्या लिखाणात ‘डॉग’चा धागा या टिपणाखेरीज मिळतो तो फक्त काही ठिकाणांच्या नावांत.

पुढे 13व्या शतकाच्या सुरुवातीला, एकांतवासात राहणाऱ्या व्रतस्थ स्त्रियांसाठी लिहिलेल्या एका ग्रंथात तो पुन्हा दिसतो. तिथे तो सैतानासाठी आलाय: नरकातला डॉग. त्यानंतर मात्र हा शब्द पसरतच गेला. 16व्या शतकापर्यंत कुठलाही कुत्रा म्हणजे ‘डॉग’ असं होऊन बसलं आणि ‘हाउंड’कडे फक्त शिकारी कुत्रे उरले. फ्रेंच आणि जर्मन लोकांनी इंग्लंडमधून आलेल्या दांडग्या कुत्र्यांबरोबर त्यांचं नावही उचललं, ‘दोग’ आणि ‘डोग्गं’. इंग्रजीच्या बाहेर हा शब्द जिथे दिसतो, तिथे तो इंग्रजीतूनच गेलेला.

आणि इथे आपण आपल्याकडे बघावं. मराठीतही हेच घडलं. ‘सुणें’ मागे पडलं, ‘श्वान’ पोलिसांच्या श्वानपथकात आणि सरकारी कागदांत उरलं, आणि दारातला झाला ‘कुत्रा’. तो श्वन् या शब्दातून निघालेला नाही. कुत्र्याला जवळ बोलावताना माणूस तोंडाने जे आवाज काढतो, त्यातून तो घडला असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. स्पेनमध्येही लॅटिन ‘कानिस’चा वारसा बाजूला सारून ‘पेर्रो’ आला. त्याचंही मूळ अंधारात, आणि तिथेही मेंढपाळांच्या हाकाट्यांचा तर्क केला जातो. तीन भाषा, तिन्ही ठिकाणी खानदानी शब्द बाजूला झाला आणि ज्याचे आईबाप ठाऊक नाहीत असा शब्द घरात आला. तोही कुणासाठी, तर हजारो वर्षं माणसाच्या उंबऱ्याशी झोपणाऱ्या प्राण्यासाठी.

[पडद्यावर: तळ्याकाठचा बेडूक. चिखलात लोळणारं डुक्कर. रानातलं सांबर.]

‘डॉग’ एकटा नाही. फ्रॉग, पिग, हॉग, स्टॅग, सगळ्यांच्या शेवटी तोच ‘ग’. जुन्या इंग्रजीत ‘फ्रॉगा’, ‘स्टॅगा’. ‘पिग’ तर त्या काळी एका जोडशब्दात लपून बसलाय. ओकच्या झाडाच्या फळाला ‘पिकब्रेड’ म्हणत, म्हणजे डुकराची भाकर. ‘बर्ड’ हा आधी फक्त पिल्लाचा शब्द होता. पक्ष्याला म्हणत ‘फुगोल’, आजचा ‘फाउल’. ‘गर्ल’ 1300च्या सुमाराला दिसू लागतो तो कुठल्याही लेकरासाठी, मुलगा असो की मुलगी. ‘बॉय’ही त्याच सुमाराचा, आणि तेव्हा त्याचा अर्थ नोकर. यांपैकी एकाचंही मूळ पक्कं लागलेलं नाही.

घरातले, अंगणातले शब्दच असे निनावी का राहिले? कारण लिहिणारी माणसं मठांत होती. चर्मपत्र महाग, एका ग्रंथाला कितीतरी जनावरांची कातडी लागे. त्यावर उतरायचं ते धर्मवचन, राजाचं दानपत्र, इतिवृत्त. आई पोराला काय म्हणून हाका मारते, गुराखी कुत्र्याला काय म्हणतो, हे कातड्यावर कोण लिहून ठेवणार? शब्द बोलण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत असेल, पण लेखणीच्या वाटेला गेला नाही.

[उत्तर क्वीन्सलँड. झाडीतून जाणारी मातीची वाट.]

अंदाज बांधताना किती जपायला हवं, ते ऑस्ट्रेलियात कळतं. 1960च्या दशकात आर. एम. डब्ल्यू. डिक्सन हे भाषाशास्त्रज्ञ एम्बाबाराम ही मूळनिवासींची भाषा टिपून घ्यायला तिथे गेले. ती बोलणारी मोजकीच माणसं उरली होती. डिक्सन यांनी विचारलं, तुमच्या भाषेत कुत्र्याला काय म्हणतात? उत्तर आलं, ‘डॉग’. इंग्रजीतूनच घेतलेला शब्द, असं कुणालाही वाटेल. पण तो तिथलाच होता. शेजारच्या यिडिन भाषेत कुत्र्याला ‘गुडागा’ म्हणतात. एम्बाबाराममध्ये जुन्या शब्दांची सुरुवात गळते, स्वर बदलतात, आणि त्या नियमांनी ‘गुडागा’चं ‘डॉग’च होतं. पृथ्वीच्या दोन टोकांना, एकाच प्राण्यासाठी, एकच शब्द, आणि नातं काहीच नाही.

इतकं जपूनही एक तर्क मला मनापासून पटतो. तो पोलंडचे भाषाशास्त्रज्ञ प्योत्र गोंशोरोफ्स्की यांनी 2006 साली मांडला. बेडकाला जुन्या इंग्रजीत ‘फ्रॉक्स’ असाही शब्द होता आणि त्याचं लाडकं रूप ‘फ्रॉगा’. मग ‘डॉकगा’च्या मागे कोणता शब्द असेल? त्याच भाषेत ‘डॉक्स’ असा शब्द आहे. अर्थ सावळा, काळपट. संध्याकाळच्या अंधाराला इंग्रजीत ‘डस्क’ म्हणतात, तो याच शब्दातून आला. फ्रॉक्सवरून फ्रॉगा, तसा डॉक्सवरून डॉकगा.

हा ‘गा’ मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. गणपतचा गण्या होतो, वाघाचा वाघ्या, मोतीचा मोत्या. जवळिकीचा, थोडा सलगीचा, कधी हिणवणारा प्रत्यय. हा तर्क खरा असेल, तर ज्याचं कूळ मरे यांच्या चिठ्ठ्यांत सापडलं नाही तो ‘डॉग’ म्हणजे इंग्लंडमधल्या कुठल्याशा वाडीतला ‘काळ्या’.

[पुन्हा तीच हस्तलिखिताची ओळ. कॅमेरा हळूहळू बारीक अक्षरांवर जातो.]

ज्याने लॅटिन शब्दावर हे टिपण केलं, त्याचं नाव आपल्याला माहीत नाही. त्याच्यासमोर प्रतिष्ठित, सर्वमान्य शब्द तयार होता. ‘हुंडा’ असं षष्ठीचं रूप लिहिलं असतं, तरी वाचणाऱ्याला अर्थ कळला असता, कुणी चूक काढली नसती. त्याने लेखणी शाईत बुडवली आणि लिहिलं, ‘डॉकगेना’.