इर्विनला किती फूट?

मंडळी, पावसाळ्यात आपण एकमेकांना पहिला प्रश्न विचारतो तो 'इर्विनला किती फूट?', म्हणजे सांगलीच्या इर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी किती फुटांवर आहे. 40 म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, हे सांगलीत शाळकरी पोरालाही पाठ आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. मला आज वेगळा आकडा विचारायचाय. तुमच्या गल्लीत स्वतःच्या पायांनी जिना चढता न येणारी माणसं किती? हा आकडा पुलावर लिहिलेला नसतो. तो आपणच काढायचा.

चिपळूणला 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीनं माणसांना झोपेतून उठवलं. आपली कृष्णा बहुतेक वेळा चढत चढत येते, कोयना धरणातून सोडलेलं पाणी इथं पोचायला वेळ लागतो. तो वेळ आपल्या हातात असतो, आणि 2019 ला मी तो पूर बघण्यात घालवला. 2005 च्या पुरात पाणी आमच्या दारात आलं नव्हतं, म्हणून शेजारच्या आजींना मी म्हणालो, "काही होत नाही, निवांत राहा." तिसऱ्या दिवशी त्यांना कमरेएवढ्या पाण्यातून खुर्चीसकट उचलून काढलं. इन्सुलिन फ्रीजमध्येच राहिलं. ते शब्द मला अजून टोचतात. त्याच आठवड्यात, 8 तारखेला, ब्रह्मनाळ गावात माणसांनी भरलेली बोट उलटली. बोटीची वाट बघायची वेळ येण्याआधीच निघायचं, एवढं तरी आपण त्यातून शिकलं पाहिजे.

आता आमच्या गल्लीचं ठरलंय. 35 फुटांना आजारी, म्हातारी आणि बाळंतिणी वरच्या भागात पाहुण्यांकडे. कोण कुणाला नेणार, ते मे महिन्यातच ठरतं. गोठ्यातल्या जनावरांचंही तसंच. नेता आली नाहीत तर निदान दावी सोडायची. घर सोडताना मेन स्विच आणि सिलिंडर बंद.

बाकीचं आपल्या आज्यांना ठाऊक होतं. पावसाळ्याची बेगमी कुणी भीतीनं करत नव्हतं. चुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, गूळ, उकळून भरलेलं पाणी. पुरानंतर जुलाब लागतात, तेव्हा एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ अंदाजानं टाकू नका, जास्त झालं तर लहान मुलाला घातक ठरतं. वापरातली इन्सुलिनची बाटली सावलीत, गार जागी साधारण महिनाभर फ्रीजविना टिकते. तरी आपल्या डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा. पायाला जखम असेल तर पुराच्या पाण्यात उतरू नका, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा आजार) होऊ शकतो.

येत्या रविवारी सकाळी आमच्या वाड्यात माणूस खुर्चीत बसवून जिना उतरवायचा सराव आहे. दोघं पुढं, दोघं मागं. येताना लाकडी खुर्ची आणा. प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय वजनानं फाकतात.