वास्को: रुळांमागून आलेलं गाव

(दृश्य: मुरगाव किल्ल्याची भिंत, मागे बंदरातल्या क्रेन)

हा गोव्यातल्या वास्को शहराजवळचा मुरगावचा किल्ला. म्हणजे त्याचं जे काही उरलंय ते. १६२४ साली व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द गामा याने तो बांधायला घेतला. आडनाव ओळखीचं वाटलं ना? वास्को द गामाचा हा पणतू. पणजोबा तर आधीच, १५२४ मध्ये, कोचीला वारला होता.

या टेकडीवर एकदा राजधानी यायची होती. १६८३ मध्ये संभाजी महाराज जुवें बेटावर उतरले, जुन्या गोव्याच्या अगदी उंबऱ्यावर, आणि पोर्तुगिजांची झोप उडाली. राजधानी मुरगावला हलवायचं ठरलं. तिकडच्या इमारती पाडून त्यांचं सामान इकडे आणायला सुरुवात झाली. काम वर्षानुवर्षं रखडलं, आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीला सगळा बेत गुंडाळला गेला. भीतीपोटी मांडलेलं शहर काही वसलं नाही.

(दृश्य: वास्को स्टेशन, पहाटेचा फलाट, कमरेला टॉवेल बांधलेले हमाल)

वसलं ते पैशांपोटी. १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. मुरगावला बंदर बांधायचं, तिथून घाट चढून ब्रिटिश हद्दीपर्यंत रेल्वे न्यायची. देशावरचा कापूस, धान्य थेट समुद्रावर उतरवायचं. कंपनी लंडनची, नाव लांबलचक: वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे. यातलं ‘गॅरंटीड’ महत्त्वाचं. गाडी चालो न चालो, भागधारकांना व्याज मिळणार याची हमी पोर्तुगीज सरकारने घेतली होती. तोटा झाला तर तो गोव्याच्या बोकांडी.

(दृश्य: दूधसागर, ड्रोनवरून, पुलावरून जाणारी मालगाडी)

हे दृश्य तुम्ही मोबाइलवर शंभरदा पाहिलं असेल. आज धबधबा जरा बाजूला ठेवा आणि पुलाखालची दगडी कमान बघा. मुरगाव ते ब्रिटिश हद्दीतलं कॅसलरॉक, सुमारे ८२ किलोमीटर. खाली कुळे, वर कॅसलरॉक आणि मधला सगळा घाट: जंगल, पाऊस, हिवताप आणि सुरुंग. एका मागोमाग एक बोगदे. हे बोगदे ज्यांनी खणले त्यांची नावं कुठल्याही पाटीवर नाहीत. ३ फेब्रुवारी १८८८ रोजी या मार्गाचं रीतसर उद्घाटन झालं. त्याच तहात गोव्याच्या मिठावर इंग्रजांनी ताबा मिळवला, वर्षाला चार लाख रुपये देऊन. त्यापायी मिठागरं बसली आणि माणसं मुंबईला गेली.

आता वास्को शहराची आखणी पाहा. रुळांना समांतर जाणारे सरळ रस्ते. मडगावात, म्हापशात गल्ल्या वळतात, कारण ती गावं आधीची आहेत. इथे आधी रूळ आले, मग त्यांच्या कडेने दुकानं. बेळगावचे, कारवारचे, वेंगुर्ल्याचे लोक कामाला आले आणि इथलेच झाले. बाकी गोवेकर अजूनही म्हणतात, वास्कोत काय आहे? विमान दाबोळीला उतरतं आणि पाहुणा तसाच पुढे किनाऱ्यावर जातो.

(दृश्य: जुनी छायाचित्रं, बंदरात नांगरलेली जहाजं)

दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ, म्हणून एहरनफेल्स आणि इतर जर्मन जहाजं या बंदरात आसऱ्याला आली. मार्च १९४३ मध्ये एका रात्री कलकत्त्याहून आलेल्या, पोट सुटलेल्या हौशी इंग्रज स्वयंसेवकांनी एहरनफेल्सवर छापा घातला, आणि जर्मन खलाशांनी स्वतःच आपली जहाजं बुडवली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेहून जपानी आणि जपानच्या ताब्यातून अमेरिकन नागरिक घेऊन दोन जहाजं इथे आली आणि प्रवाशांची अदलाबदल झाली. आमच्या शाळेत हे कोणी शिकवलं नाही.

(दृश्य: रेल्वे क्वार्टर्स, कौलं, अंगणातला नळ)

आम्ही क्वार्टर्समधली मुलं. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा भोंगा, मग पातळ भाजी आणि उंडे, म्हणजे गोल पाव. मुंबईला जायचं तर मिरजेला उतरून रुंद रुळांवरची मोठी गाडी पकडायची. ट्रंका, आंब्याच्या पेट्या आणि आईचा जीव खालीवर. आमचे अरुंद रूळ रुंद झाले ते गेल्या शतकाच्या अखेरीस. तोवर आमच्या डोक्यात जगाचं प्रवेशद्वार मिरज हेच होतं.

कपड्यांना कायम लाल छटा. लोहखनिज बार्जमधून, म्हणजे सपाट मालवाहू बोटींतून, जुवारी नदीने यायचं आणि वारा सुटला की दोरीवरच्या पांढऱ्या गणवेशावर बसायचं. आई त्या धुळीला शिव्या द्यायची, आणि त्याच धुळीवर अर्ध्या वाड्याची चूल पेटायची. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, बार्ज गंजल्या. आता बंदरात कोळसा उतरतो. खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवलं तर काय दिसतं ते पडद्यावर आहेच.

(दृश्य: श्रावणातली गर्दी, टाळ, मृदंग, खाज्यांची दुकानं)

आणि हा सप्ताह. श्री दामोदर भजनी सप्ताह. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, मग तो इकडेही पसरला. सांगतात की घाबरलेली माणसं जांबावलीला दामोदराच्या पायांशी गेली, तिथून श्रीफळ घेऊन आली, ते बाजारात ठेवून अखंड भजन सुरू केलं. शतक उलटलं, श्रावणात ते भजन अजून होतं. दिवसरात्र, खंड न पडता.

एका बाजूने पार येतात, म्हणजे बाजारातल्या वेगवेगळ्या व्यवसायांच्या मिरवणुका, चित्ररथांसह. दुसऱ्या बाजूला फेरीत, म्हणजे जत्रेच्या बाजारात, खाजे, बांगड्या, प्लास्टिकच्या बादल्या. दर वर्षी दुकानांच्या जागेवरून भांडण, दर वर्षी वाहतुकीची बोंब. ज्या गावाला जुनं ग्रामदैवत नव्हतं, त्याने दामोदराला बोलावून घेतलं आणि ठेवूनच घेतलं.

भजनी मंडळांच्या पाळ्या ठरलेल्या असतात. संध्याकाळच्या पाळीला मोठे गवय्ये, तुडुंब गर्दी. पहाटे तीनची पाळी कोणालाच नको असते. क्वार्टर्समधले आमचे काका लोक ती हौसेने मागून घ्यायचे, कारण रात्रपाळीची सवय त्यांनाच होती.